महाबळेश्वर–कुडपण परिसरातील लोहउद्योग

कुडपणच्या (ता. पोलादपूर) परिसरातील सह्याद्री सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळवथरी खडकांचा असून वरच्या महाबळेश्वर पठारावर (१,४३८ मी.) जांभ्याचे कवच आहे. पावसाने सिलिका वाहून गेली व लोह-ॲल्युमिनियमांची ऑक्साइडे मागे उरली. जांभ्यातील लोहयुक्त खडे धावड लोक लोणारी कोळशाबरोबर भट्टीत भात्याने तापवीत. लोखंड वितळत नसे; सच्छिद्र गोळा मिळे व घणाने ठोकून त्यातील धातुमळी काढावी लागे. खनिज मुबलक होते. अडले ते कोळशावर. एकोणिसाव्या शतकात वनसंरक्षणामुळे जळण महागले, स्वस्त विलायती लोखंड आले आणि भट्ट्या विझल्या. शिसे-जस्ताचे खाणकामायोग्य साठे या खडकांत नाहीत. ‘पोलादपूर’ हे नाव मात्र खाणींची साक्ष मानणे धाडसाचे ठरेल.