नोहपेतेन

ग्वातेमालाच्या उत्तरेकडील पेतेन प्रदेशात, पेतेन इत्सा सरोवरातील एका छोट्या बेटावर असलेली इत्सा माया लोकांची तटबंदी राजधानी. स्पॅनिश कागदपत्रांत तिला तायासाल असेही म्हटले आहे. १३ मार्च १६९७ रोजी स्पॅनिश सैन्याने ती घेतली आणि मायांचे अखेरचे स्वतंत्र राज्य संपले. अस्तेकांची तेनोच्तित्लान ही राजधानी १५२१ मध्येच पडली होती. त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षे हे बेट स्वतंत्र राहिले.

इत्सांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज युकातानमधील चिचेन इत्सा येथून दक्षिणेस आले. पंधराव्या शतकाच्या मध्यास मायापान हे प्रबळ नगर मोडले, तेव्हाही काही घराणी या सरोवराकडे सरकली असावीत. बेटावर वस्ती मात्र त्याआधी कित्येक शतके होती, हे उत्खननात सापडलेल्या भांड्यांवरून दिसते. राज्याचा प्रमुख ‘कान एक’ हे नाव धारण करी आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चाले. त्याच्या जोडीने त्याच घराण्यातील प्रमुख पुरोहिताचा अधिकार चाले. नगर चार भागांत विभागलेले होते. १६९७ मध्ये विजेत्यांनी तेथे एकवीस देवळे मोजली. सर्वांत मोठे देऊळ नऊ टप्प्यांचे, चौरस बैठकीचे होते आणि चिचेन इत्सा येथील प्रसिद्ध पिरॅमिडशी त्याचे साम्य होते. काठाने बांधलेली भिंत बुटकी होती. नगराचे खरे रक्षण केले ते सरोवराने, शेकडो होड्यांनी आणि चहूबाजूंच्या जंगलाने. या जंगलातून घोडे व तोफा आणणे जवळजवळ अशक्य होते.

स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस १५२५ च्या मार्चमध्ये होंडुरासकडे जाताना येथे आला. काही दिवसांपूर्वीच त्याने अस्तेकांचा शेवटचा सम्राट क्वाउतेमोक याला वाटेत फाशी दिले होते. इत्सांशी मात्र तो लढला नाही. कान एकच्या निमंत्रणावरून मोजके सैनिक घेऊन तो बेटावर गेला. निघताना एक लंगडा घोडा सांभाळायला ठेवून गेला. घोडा लवकरच मेला आणि त्याची प्रतिमा घडवून इत्सा तिची पूजा करू लागले. १६१८ मध्ये बार्तोलोमे दे फुएन्सालिदा आणि हुआन दे ओर्बिता हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू येथे पोचले, तेव्हा ओर्बिताने ती मूर्ती फोडली. लोक खवळले, तरी दोघे जिवंत परतले. धर्मांतराची वेळ अजून आलेली नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. १६२३ मध्ये आलेला दिएगो देल्गादो मात्र सोबत्यांसह मारला गेला. त्यानंतर सत्तर वर्षे स्पॅनिश लोकांनी या बेटाकडे फारसे लक्ष दिले नाही.

‘वेळ आलेली नाही’ या उत्तरामागे मायांची कालगणना होती. सुमारे वीस वर्षांचा एक कातुन आणि असे तेरा कातुन मिळून सुमारे २५६ वर्षांचे आवर्तन पुरे होई. ‘८ आहाव’ नावाचा कातुन इत्सांच्या स्मृतीत उलथापालथीचा होता. मायापानचा नाशही त्याच कातुनात झाला. तो पुन्हा १६९७ च्या जुलैमध्ये सुरू होणार होता. १६९६ च्या जानेवारीत बेटावर आलेला आन्द्रेस दे आवेन्दान्यो हा फ्रान्सिस्कन याच भाकिताचा आधार घेऊन इत्सांशी बोलला. भाकितानेच हे राज्य बुडाले, असे अनेक वर्णनांत सांगितले जाते. ते पटत नाही. हल्ला नव्या कातुनाच्या चार महिने आधीच झाला आणि त्यामागची कारणे जमिनीवरची होती.

पहिले कारण रस्ता. युकातानचा गव्हर्नर मार्तिन दे उर्सुआ याने १६९५ मध्ये कांपेचेकडून ग्वातेमालाकडे जाणारा मार्ग जंगल तोडून काढायला घेतला. जंगलाचे संरक्षण त्यामुळे संपले. दुसरे कारण घरची फूट. कान एकने त्याच वर्षाच्या अखेरीस आपला भाचा आहचान याला शरणागतीचा निरोप देऊन युकातानची राजधानी मेरिदा येथे पाठवले. सरोवराच्या उत्तरेकडील कोवोह लोक आणि राजाच्याच कुळातील काही सरदार यांना हे मान्य नव्हते. त्यांनी राजाविरुद्ध उठाव केला. आवेन्दान्योला रातोरात पळावे लागले. पुढे आलेल्या काही स्पॅनिश तुकड्यांवर हल्ले झाले, कैदी मारले गेले. उर्सुआला युद्धाचे निमित्त मिळाले.

१६९७ च्या फेब्रुवारीअखेर तो सैनिक व तोफा घेऊन सरोवराच्या पश्चिम काठावर आला. तेथे वल्ह्यांवर चालणारे एक सशस्त्र गलबत बांधून घेतले. १३ मार्चच्या पहाटे शंभरावर सैनिक आणि किमान पाच तोफा घेऊन ते बेटाकडे निघाले. इत्सांच्या होड्यांनी त्याला वेढले, बाणांचा वर्षाव झाला, आणि तोफा-बंदुकांनी थोड्याच वेळात निकाल लावला. पोहून निसटू पाहणारे असंख्य इत्सा पाण्यातच मारले गेले. स्पॅनिश बाजूला जेमतेम काही जण जखमी झाले. अशा चकमकीला लढाई म्हणणे कठीण आहे. उरलेला दिवस सैनिकांनी देवळांतील मूर्ती फोडण्यात घालवला.

कान एक पुढे पकडला गेला. १६९९ मध्ये त्याला मुलासह सान्तियागो दे ग्वातेमाला (आजचे अँटिग्वा) येथे नेण्यात आले; तेथेच त्याचे उरलेले आयुष्य बंदिवासात गेले. साथीच्या रोगांनी सरोवराभोवतीची वस्ती झपाट्याने ओसरली. १७०४ चा इत्सांचा उठाव फसला. उर्सुआ मात्र फिलिपिन्सचा गव्हर्नर-जनरल झाला आणि १७१५ पर्यंत त्या पदावर राहिला.

स्पॅनिशांनी बेटाचे नाव बदलून ‘नुएस्त्रा सेन्योरा दे लोस रेमेदिओस इ सान पाब्लो’ असे ठेवले. १८३१ मध्ये राजकारणी सिरिलो फ्लोरेस याच्या स्मरणार्थ ‘फ्लोरेस’ हे नाव आले. ते आता पेतेन विभागाचे मुख्यालय असून एका भराव-रस्त्याने दक्षिण काठावरील सान्ता एलेनाशी जोडलेले आहे. तिकाल या प्राचीन माया नगराचे अवशेष पाहायला जाणारे बहुतेक पर्यटक येथे मुक्काम करतात. बेटावर इत्सांची एकही इमारत उभी नाही. माथ्यावरच्या देवळांच्या जागी चर्च व चौक आहे. उत्तर काठावरील सान होसे गावात इत्सा वंशाचे लोक राहतात. त्यांची भाषा बोलणारे आता थोडेच वृद्ध उरले असून ती पुन्हा शिकवण्याचे प्रयत्न तेथे चालू आहेत.