वार्ता गांवोगांव कशी पोहोंचली

घटना घडणें निराळें आणि तिची वार्ता होणें निराळें. या दोहोंमधील अंतर तोडण्याची विद्या आधुनिक काळीं प्रसिद्धिपत्रकाच्या रूपानें पुढें आली. १९०६ सालच्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील अटलांटिक सिटी येथें आगगाडीचा भीषण अपघात झाला. त्या वेळीं आयव्ही ली या गृहस्थानें रेल्वे कंपनीला हकीकत लपवूं दिली नाहीं. ती लेखी स्वरूपांत वर्तमानपत्रांच्या हवालीं केली. प्रसिद्धिपत्रकाचा उगम सामान्यतः तेथें मानतात. परंतु जेथें वर्तमानपत्र वाचणारेच थोडे, तेथें या विद्येनें काय करावें?

हा प्रश्न १९३६ सालीं खानदेशापुढें उभा राहिला. काँग्रेसचें अधिवेशन खेड्यांत भरावें अशी गांधीजींची इच्छा होती, आणि तो मान आजच्या जळगांव जिल्ह्यांतील फैजपूरला मिळाला. खेड्यांत भरलेलें हें पहिलेंच अधिवेशन. शहरांतील सभेचें निवेदन पत्रांत छापून आलें कीं पुष्कळसें काम भागे. येथें मात्र यजमान शेतकरी होता. मदत आणि स्वयंसेवक मिळावयाचे ते त्याच्याच घरांतून. छापील कागद त्याच्या दारापर्यंत गेला, तरी तो वाचून कोण दाखविणार?

हें काम अंगावर घेणाऱ्यांत साने गुरुजी होते. अमळनेरच्या शाळेंत शिक्षक असतांना त्यांनीं वसतिगृहांतील मुलांसाठीं 'छात्रालय' नांवाचें हस्तलिखित दैनिक चालविलें होतें. पुढें १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर अठरा प्रवचनें केलीं, तीं गुरुजींनींच उतरून घेतलीं. म्हणून तुरुंगाच्या भिंतींआड उच्चारलेला शब्द पुढें घरोघर गेला. बोललेलें कागदावर आणण्याची ही कला. फैजपूरच्या वेळीं उलट काम होतें: कागदावरचें निवेदन पुनः बोलीवर आणावयाचें. गुरुजी खेडोपाडीं हिंडले, गाणीं गाइलीं, सभा घेतल्या. अधिवेशन कोठें, कशासाठीं आणि त्यांत शेतकऱ्याचें काय, हें त्याच्याच भाषेंत सांगितलें.

डिसेंबरच्या अखेरीस अधिवेशन भरलें. नंदलाल बोस यांनीं बांबूसारख्या स्थानिक साहित्यांतून नगर सजविलें. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांची मिरवणूक बैलांच्या रथांतून निघाली. हें सारें न वाचतां समजणारें प्रसिद्धिपत्रकच होतें. ध्वजारोहणाच्या वेळीं ध्वज अर्ध्यावर अडकला, तेव्हां आजच्या धुळें जिल्ह्यांतील शिरपूरचा एक तरुण उंच खांबावर चढला आणि त्यानें तो मोकळा केला. ती गोष्ट कोणत्याही निवेदनांत आधीं लिहिलेली नव्हती; तरी खानदेशांत ती आजतागायत सांगितली जाते. वार्ता माणसाच्या कृतींत असली, म्हणजे तिला वाहन शोधावें लागत नाहीं.

खरी कसोटी पुढें आली. १९३८ सालीं गुरुजींनीं अमळनेरहून 'काँग्रेस' नांवाचें साप्ताहिक सुरूं केलें. पिकें बुडाल्यानें शेतकरी हवालदिल झाला होता, आणि त्याचा सारा माफ व्हावा म्हणून गुरुजींनीं सभा-मिरवणुकींबरोबर हें पत्रही कामीं लावलें. त्या वेळीं मुंबई प्रांतांत राज्य होतें तें बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाचेंच. ज्या पक्षाचें नांव पत्राच्या माथ्यावर, त्याच पक्षाच्या सरकारकडे गाऱ्हाणें मांडावयाचें होतें. केवळ स्तुतिपाठ करणाऱ्या प्रचारकानें येथें मौन धरलें असतें. गुरुजींनीं तें धरलें नाहीं.

रेल्वे कंपनीला अपघाताची हकीकत सांगावयास लावणें आणि स्वपक्षीय सरकारला शेतकऱ्याचें दुःख ऐकविणें, यांत देशकालाचें अंतर मोठें आहे; तत्त्व मात्र एकच आहे. प्रसिद्धीची खरी ताकद शब्दांच्या सजावटींत नसून, आपल्या माणसांना अप्रिय असलेलें सत्यही वेळेवर आणि सोप्या शब्दांत सांगण्यांत असते. लोक अशाच पत्रकावर विश्वास ठेवतात.