बैत नसीफ : बंदराने उभे केलेले घर

जेद्दाच्या जुन्या शहरातल्या, म्हणजे अल-बलदमधल्या, बैत नसीफची हकिकत बहुतेक जण १९२५ सालापासून सांगू लागतात. जवळजवळ वर्षभराचा वेढा सोसून त्या डिसेंबरात शहर शरण आले, अब्दुलअझीझ इब्न सौद आत आले आणि या घरात उतरले. सौदी अरेबियाच्या संस्थापकाचा मुक्काम इथे होता, हे एकदा कळले की डागडुजी होऊन संग्रहालय झालेल्या या वास्तूकडे माणूस राजवाडा म्हणूनच पाहतो. ही ओळख घरावर अन्याय करणारी आहे. राजा आला तेव्हा या घराचे वय चाळिशीच्या पुढे गेले होते. ते एका व्यापाऱ्याचे घर होते, आणि त्याच्या भिंतींपासून दारातल्या झाडापर्यंत सगळे काही हजच्या वाहतुकीची आणि समुद्रावरच्या व्यापाराची साक्ष देते.

बांधकामाचा काळच पाहावा. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. उमर एफेंदी नसीफ यांनी १८७२ मध्ये घराला सुरुवात केली आणि १८८१ पर्यंत ते पूर्ण झाले. हे नसीफ जेद्दातले बडे व्यापारी आणि मक्केच्या शरीफांचे इथले कारभारी. आगबोटींमुळे तांबड्या समुद्रातली ये-जा वाढली, आणि समुद्रमार्गे मक्केला जाणाऱ्यांना जेद्दातच उतरावे लागे. मुंबई हे त्या वाटेचे दुसरे टोक होते. हिंदुस्थानातलेच नव्हे, तर अफगाणिस्तान आणि मध्य आशियातले यात्रेकरूही मुंबईहून जहाजात बसत. ती गर्दी इतकी मोठी होती की १८८६ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे सोपवली. जेद्दातल्या उंच घरांचे मजले हंगामात हाजींना भाड्याने दिले जात. त्या काळात व्यापाऱ्यांनी एकापेक्षा एक उंच घरे बांधली, त्यांमागे हा पैसा होता. या घरांच्या भिंती समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडाच्या. हा दगड हलका आणि सच्छिद्र. त्याचे एकावर एक मजले रचले तर भिंत फाटते. म्हणून ठरावीक उंचीवर लाकडी पट्ट्या आडव्या घालून ती आवळून धरायची आणि वरून चुन्याचा गिलावा द्यायचा. रस्त्यावर झुकलेले जाळीदार सज्जे, ज्यांना तिथे रवाशीन म्हणतात, तेही लाकडाचेच. त्यांतून समुद्राचा वारा घरात खेळतो आणि आतल्या बायकांना बाहेरचे दिसते, पण त्या कोणाला दिसत नाहीत. जेद्दाच्या आसपासच्या हिजाझ प्रदेशात इमारती लाकडाचे जंगल नाही. साग जहाजातूनच येई, हिंदुस्थानातून आणि आग्नेय आशियातून. दारातले झाड कडुनिंबाचे, आपल्याच उपखंडातले. जुन्या जेद्दात झाड ही इतकी दुर्मीळ गोष्ट होती की लोक या वास्तूला झाडाचे घर म्हणूनच ओळखत.

यावर कोणी म्हणेल की लाकूड कुठून आले यावरून घर कोणाचे ते ठरत नाही. परका माल तर जगभरच्या श्रीमंतांनी वापरला. आक्षेप रास्त आहे, पण हा साग शोभेचा नाही, त्याच्यावाचून भिंतच उभी राहत नाही. जमिनीतली ओल आणि खारी हवा प्रवाळाला सतत खात असते, त्यामुळे डागडुजी कधी थांबत नाही आणि लाकडाची गरजही संपत नाही. घराची मांडणीही ते व्यापाऱ्याचे घर असल्याचेच सांगते. जिना विलक्षण रुंद आणि कमी चढाचा आहे, तो ओझ्याची जनावरे वरच्या मजल्यांपर्यंत नेता यावीत म्हणून, असे परंपरेने सांगितले जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. राजाचा मुक्काम झाला नसता तर हे घर वाचले असते का? १९४७ मध्ये शहराची तटबंदी पाडली गेली, सुखवस्तू कुटुंबे सिमेंटच्या नव्या वस्त्यांत गेली आणि प्रवाळाची कितीतरी घरे ढासळली. अशा वेळी सरकारने हे घर ताब्यात घेऊन सावरले, यात त्या मुक्कामाचा वाटा नाकारता येणार नाही. तरीही घर का वाचले आणि घर काय आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. युनेस्कोने २०१४ मध्ये जुन्या जेद्दाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तोही मक्केचे द्वार म्हणून.

तिसरी शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. समुद्राची ही कथा फार गोड होत नाही ना? नुसता साग, कडुनिंब आणि दूरदेशीचे हाजी सांगितले तर ती नक्कीच खोटी होईल. हाजींच्या बोटींत माणसे दाटीवाटीने कोंबलेली असत आणि पटकीची साथ त्यांच्याबरोबर प्रवास करी. त्याच तांबड्या समुद्रावरून आफ्रिकेतली माणसे पकडून आणली जात. एकोणिसाव्या शतकात जेद्दा हा गुलामांचा मोठा बाजार होता आणि धनिकांच्या घरांतली कष्टाची कामे त्यांच्यावर पडत. म्हणूनच बंदराचे घर म्हणून बैत नसीफकडे पाहणे हे राजवाडा म्हणून पाहण्यापेक्षा अवघड आहे. राजाच्या मुक्कामाची गोष्ट एका डिसेंबरपासून सुरू करता येते. बंदराची गोष्ट सांगायची तर या घराच्या वरच्या मजल्यांवर पाणी कोणी चढवले हेही विचारावे लागते. सौदी अरेबियात गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १९६२ मध्ये. तोवर हे घर पुरे होऊन ऐंशी वर्षे उलटली होती.