रेक्टरचा संशय

युद्धाने, छळाने देशोधडीला लागलेल्या विद्वानांना विद्यापीठांनी आसरा द्यायचा, या रिवाजाचे मूळ शोधू लागलो की १९३३चे लंडन लागते. हिटलरने ज्यू प्राध्यापकांना नोकऱ्यांवरून काढले, तेव्हा विल्यम बेव्हरिज यांनी ‘अकॅडमिक असिस्टन्स कौन्सिल’ उभी केली. आपल्याकडे १९३५ साली सी. व्ही. रामन यांनी मॅक्स बॉर्न यांना बंगळूरला आपल्या संस्थेत बोलावले. त्यांना कायमची जागा द्यावी, असा रामन यांचा आग्रह होता. संस्थेत त्याला विरोध झाला आणि बॉर्न एडिंबरोला गेले. पुढे त्यांना नोबेल मिळाले!

हे झाले मोठ्या नावांचे. परमुलखात अडकलेल्या विद्यार्थ्याला वाली कोण?

आपल्याकडे या प्रश्नाचा धागा हिरण्यकेशीकाठी पोचतो. या नदीकाठच्या गडहिंग्लजला १९३५ साली जन्मलेले शां. ब. मुजुमदार पुण्यात फर्ग्युसनला वनस्पतिशास्त्र शिकवत आणि मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टरही होते. एक मुलगी खिडकीतून एका मुलाला काहीतरी देते, हे त्यांच्या नजरेस आले. रेक्टरला यावा तोच संशय आला. चौकशीला गेले तर मुलगा मॉरिशसचा, काविळीने खोलीत पडलेला. मुलगी त्याला जेवण आणून देत होती. घरापासून हजारो मैलांवर आजारी पडलेल्या पोराची कॉलेजला खबरही नव्हती. यातूनच १९७१ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी ‘सिम्बायोसिस’ निघाली. विधी महाविद्यालय आले ते १९७७मध्ये, म्हणजे आधी विचारपूस, मग वर्ग. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

मायदेशात युद्ध पेटले की परदेशी शिकणाऱ्या पोराचे दुखणे काविळीहून चिवट असते. घरचे पैसे थांबतात, पासपोर्टची मुदत संपते, गुणपत्रिकेवर शिक्का मारणारे कार्यालयच उरत नाही. फीला मुदतवाढ, सुट्टीत वसतिगृहात राहू देणे, हे कॉलेजच्या हातात असते. व्हिसा नसतो. ऑगस्ट २०२१मध्ये काबूल पडल्यावर, भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे जुने व्हिसा आपल्या सरकारने रद्द केले. कोरोनात घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले.

अशा वेळी कुलगुरूंनी दिल्लीपर्यंत शब्द टाकायला हवा. रेक्टरच्या चौकशीची आजची हद्द तिथवर जाते.