विमानकंपन्यांचें दिवाळें

अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, याच्या लगत असलेल्या भिंगार येथें १७०७ सालच्या मार्च महिन्यांत औरंगजेब बादशहा मरण पावला. त्या वेळीं हिंदुस्थानांत त्याच्याएवढें विस्तीर्ण राज्य दुसऱ्या कोणाचेंहि नव्हतें. परंतु पंचवीस वर्षें दक्षिणेंत लढाई चालविल्यामुळें खजिन्याची अशी दशा झाली होती कीं छावणींतील शिपायांचे पगार थकले होते. राज्याचा नकाशा मोठा आणि तिजोरींत रोकड नाहीं, हा प्रकार इतिहासांत नवा नाहीं. आपल्या काळीं त्याचें सर्वांत स्पष्ट दर्शन जर कोठें झालें असेल, तर तें विमानकंपन्यांच्या धंद्यांत. या धंद्याचा जन्म मुंबईस झाला, आणि त्यांतील मोठीं दिवाळींहि बहुतेक मुंबईसच निघालीं.

आरंभ मात्र मोठा शुभ होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी दादाभाई टाटा हे टपालाच्या थैल्या घेऊन पस मॉथ नांवाच्या एका चिमुकल्या विमानांतून कराचीहून निघाले आणि अहमदाबादेवरून मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून तेंच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं बेल्लारीमार्गें मद्रासेस पोंचविलें. जुहूचें मैदान पावसाळ्यांत पाण्याखालीं जाई, तेव्हां सारें बिऱ्हाड पुण्यास हलवावें लागे. अशा या कंपनीनें पहिल्या वर्षांत १ लक्ष ६० हजार मैलांचा प्रवास केला. वर्षभरांत तिला उतारू मिळाले अवघे १५५; आणि तरीहि वर्षाअखेर ६० हजार रुपये नफा उरला! सरकारनें अनुदान दिलेलें नव्हतें. पैसा मिळाला तो टपालाच्या वजनावर. टपाल नेमानें येतें, भाड्यासाठीं घासाघीस करीत नाहीं, आणि शेजारची कंपनी दोन रुपयांनीं स्वस्त आहे म्हणून तिकडे जात नाहीं. पुढें या धंद्याची सारी भिस्त उतारूंवर पडली, तेव्हां हें सुख संपलें.

दुसरें महायुद्ध संपलें आणि अमेरिकन सैन्यानें मागें ठेवलेलीं डाकोटा विमानें स्वस्तांत विक्रीस निघालीं. वैमानिकहि सैन्यांतून मोकळे झाले होते. ज्यांच्याजवळ युद्धकाळांतील नफा सांठला होता, त्यांना हा धंदा म्हणजे घरबसल्या सांपडलेली सोन्याची खाण वाटली. १९४६ सालीं परवाने देण्यासाठीं सरकारनें एक मंडळ नेमलें, आणि त्या मंडळानें हात आंखडला नाहीं. टाटांची जुनी कंपनी त्याच वर्षीं एअर-इंडिया या नांवानें सार्वजनिक झाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनकडे एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ही कंपनी आली होती. मुंबईस अंबिका, मद्रासेस ज्युपिटर, हैदराबादेस डेक्कन, कलकत्त्यास भारत अशा कंपन्या उभ्या राहिल्या. १९४७ सालीं फाळणीमुळें निर्वासितांना विमानानें आणण्याचें, आणि त्यानंतर काश्मीरांत सैन्य पोंचविण्याचें काम निघालें. त्या थोड्या महिन्यांत विमानें भरून जात. ही भरभराट आपत्तीची होती, धंद्याची नव्हे, हें ओळखण्यास मात्र उशीर झाला. १९५० साल उजाडण्यापूर्वींच अंबिका व ज्युपिटर या दोन्ही कंपन्यांनीं गाशा गुंडाळला.

येथें या धंद्याचें एक गूढ उकलून पाहिलें पाहिजे, कारण पुढची सारी हकीकत त्यावर अवलंबून आहे. विमानकंपनी जो माल विकते, तो सांठवून ठेवतां येत नाहीं. वाण्याच्या दुकानांत आज न खपलेली साखर उद्यां खपते. गिरणींतील धोतरजोडा या दिवाळीस नाहीं तर पुढच्या दिवाळीस उठतो. परंतु सकाळीं सात वाजतां सुटणाऱ्या विमानांतील रिकामी खुर्ची सात वाजून एका मिनिटानें कायमची वायां जाते. खर्च तर ती खुर्ची भरो वा न भरो, जवळजवळ तितकाच येतो. इंधन जळतेंच, वैमानिकाचा पगार चुकत नाहीं, विमानाचें भाडें व कर्जाचें व्याज रात्रंदिवस चढत असतें. म्हणून रिकामी खुर्ची नेण्यापेक्षां ती मिळेल त्या किमतीस विकावी, असें कंपनीस वाटतें. आणि हाच विचार एकाच मार्गावरील चार कंपन्या करूं लागल्या म्हणजे चौघींचाहि माल खर्चाखालीं विकला जातो. उतारूंची चंगळ होते. विमानें भरलेलीं दिसतात, विमानतळावर उभें राहण्यास जागा नसते, वर्तमानपत्रांत मोठाल्या जाहिराती झळकतात, आणि ऐन त्या गर्दींत कंपनी बुडत असते. भरलेलें विमान पाहून कंपनी सुस्थितींत असल्याचा तर्क करणें म्हणजे लग्नांतील पंगत पाहून यजमानाची सांपत्तिक स्थिति ठरविण्यासारखें आहे.

१९४९ च्या जानेवारींत सरकारनें रात्रीच्या टपालाची योजना सुरू केली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांहून विमानें निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, तेथें थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत तीं परतत. योजना कल्पक होती यांत शंका नाहीं; परंतु मोडकळीस आलेल्या कंपन्यांवर हा नवा भार नको, असें टाटांचें स्पष्ट मत होतें, आणि त्यावरून बराच वाद माजला. अखेर १९५० सालीं मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-समिति नेमली गेली. तिचा निष्कर्ष सरळ होता: देशांत जेवढी वाहतूक आहे तीवर चार कंपन्या नीट जगतील, परवाने मात्र त्याहून कितीतरी अधिकांना दिलेले आहेत. कंपन्यांनीं आपखुषीनें एकत्र यावें, राष्ट्रीयीकरण तूर्त नको, असें समितीनें सुचविलें. पण आपखुषीनें आपली गादी कोण सोडतो? पेट्रोलवरील जकातीचा कांहीं भाग परत देऊन सरकारनें कंपन्यांना धुगधुगी दिली. जुन्या डाकोटा बदलण्यास भांडवल कोणाजवळच नव्हतें. १ ऑगस्ट १९५३ रोजीं आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स हें सरकारी महामंडळ झालें. त्याच्या वांट्यास ९९ विमानें आलीं, त्यांपैकीं ७४ डाकोटाच होत्या. परदेशीं जाणारी एअर-इंडिया इंटरनॅशनल, जिचें मलबार प्रिन्सेस हें विमान ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून लंडनला गेलें होतें, ती दुसरें महामंडळ बनली.

त्यानंतरचीं चाळीस वर्षें येथें ओलांडून जाण्यास हरकत नाहीं. सरकारी कंपनीचें दिवाळें निघत नाहीं. तिची तूट अंदाजपत्रकांत जिरते. १९९० नंतर आकाश पुन्हां खुलें झालें आणि १९४६ चा खेळ नव्या पात्रांनीं मांडला. मुंबईच्या ईस्ट-वेस्ट आणि दमानिया या कंपन्या थोड्याच वर्षांत संपल्या. टिकली ती ५ मे १९९३ रोजीं पहिलें उड्डाण करणारी जेट एअरवेज. तिची सेवा उत्तम होती, तिचीं विमानें वेळेवर सुटत, आणि मुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांत तिच्याविषयीं एक प्रकारचा घरोबा निर्माण झाला होता.

२००७ हें वर्ष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या एका वर्षांत तीन सोयरिकी जुळल्या. जेटनें १,४५० कोटि रुपये देऊन सहारा घेतली. विजय मल्ल्या यांच्या किंगफिशरनें एअर डेक्कन आपल्याकडे ओढली. आणि सरकारनें एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांचें विलीनीकरण केलें. पुढच्याच वर्षीं खनिज तेलाचा भाव एका पिंपास १४७ डॉलरपर्यंत चढला. तिघींपैकीं एकीचेंहि त्यानंतर भलें झालें नाहीं. किंगफिशरनें जन्मापासून एकदांहि वार्षिक नफा पाहिला नव्हता. ऑक्टोबर २०१२ मध्यें तिचीं विमानें थांबलीं.

जेट आणखी सात वर्षें चालली. २०१३ सालीं अबूधाबीच्या एतिहाद कंपनीनें तिचे २४ टक्के भाग घेतले, त्यामुळें कांहीं काळ श्वास मिळाला. परंतु हिंदी कंपनीचें उत्पन्न रुपयांत येतें, आणि विमानांचें भाडें, दुरुस्ती, सुटे भाग यांचे पैसे डॉलरांत जातात. २०१८ सालीं तेल महागलें आणि डॉलर ७० रुपयांवर गेला. दुसरीकडे स्वस्त तिकिटें विकणाऱ्या इंडिगोशीं सामना. इंधनावर मुंबईंत राज्याचा विक्रीकर २५ टक्के होता. तो १८ टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली २०२३ सालीं, आणि तोंपर्यंत जेट राहिली नव्हती. मार्च २०१९ मध्यें संस्थापक नरेश गोयल यांनीं संचालकपद सोडलें. ज्या बँकांचे आठ हजार कोटींहून अधिक रुपये अडकले होते, त्यांनीं तांतडीचे ४०० कोटि देण्यास नकार दिला, आणि १७ एप्रिलच्या रात्रीं अमृतसरहून मुंबईस आलेलें विमान हें जेटचें शेवटचें ठरलें. पगाराविना राहिलेल्या हजारों नोकरांपैकीं कित्येकांनीं दोन तपें याच कंपनींत काढलीं होतीं.

मग प्रश्न उरतो, अशी कंपनी पुन्हां उभी राहते काय? गिरणगांवांतील गिरणी बंद पडली तरी तिची जमीन, यंत्रें, चिमणी जागच्या जागीं उभीं असतात. घेणेकऱ्यास कालांतरानें तेथून कांहीं मिळतें. विमानकंपनीची मालमत्ता कोणती? विमानें बहुतेक भाड्यानें घेतलेलीं. विमानतळावरील उतरण्याच्या वेळा दुसऱ्यांना वांटल्या जातात. वैमानिक दुसरी नोकरी धरतात, उतारू दुसरें तिकीट काढतो. थांबलेल्या कंपनीजवळ उरतें तें नांव. जेटचें नांव विकत घेऊन ती पुन्हां उडविण्याची एका गटाची योजना जून २०२१ मध्यें मंजूर झाली. तीन वर्षें कोर्टकचेऱ्या चालल्या, पैसा ठरल्याप्रमाणें आला नाहीं, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजीं सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या न्यायपीठानें कंपनी मोडींत काढण्याचा हुकूम दिला. भिंगारास बादशहा गेल्यावर दिल्लीचें तख्तहि नांवापुरतें दीडशें वर्षें चाललें होतें. त्या मानानें जेटची नाममात्र बादशाही अल्पायुषी म्हटली पाहिजे.

मुंबईच्याच वाडिया समूहाच्या गो फर्स्टची तऱ्हा थोडी निराळी. तिच्या ५४ विमानांपैकीं जवळजवळ निम्मीं इंजिनांच्या अभावीं जमिनीवर बसलीं, तेव्हां २ मे २०२३ रोजीं ती स्वतःच नादारीचा अर्ज घेऊन न्यायाधिकरणाकडे गेली. दोष अमेरिकन इंजिन-कारखान्याचा, असें तिचें म्हणणें; कारखान्यानें तें मान्य केलें नाहीं. कायद्याप्रमाणें न्यायाधिकरणानें अर्ज मंजूर करतांच घेणेकऱ्यांचे हात बांधले जातात, त्यामुळें विमानांच्या मालकांना आपलींच विमानें परत नेतां येईनात. एप्रिल २०२४ मध्यें दिल्ली हायकोर्टानें तीं सोडविलीं, आणि जानेवारी २०२५ मध्यें ही कंपनीहि मोडींत निघाली.

याउलट दाखला जपानचा. जपान एअरलाइन्सनें जानेवारी २०१० मध्यें नादारी जाहीर केली; परंतु तिचें उड्डाण एक दिवसहि थांबलें नाहीं. सरकारनें पैसा पुरविला, वृद्ध उद्योगपति काझुओ इनामोरी यांनीं सूत्रें घेतलीं, तोट्याचे मार्ग व हजारों जागा कमी केल्या, आणि २०१२ सालीं कंपनी पुन्हां शेअरबाजारांत आली. आपल्याकडे स्पाइसजेटचीं विमानें डिसेंबर २०१४ मध्यें इंधनाच्या उधारीवरून थांबलीं, पण तीं तासांच्या हिशेबानें; जुन्या संस्थापकानें ती पुन्हां हातीं घेतली म्हणून तेव्हां तरली. चालत्या कंपनीस कापून, शिवून वांचवितां येतें. थांबलेल्या कंपनीवर मात्र हे उपाय चालले नाहींत. एअर इंडिया वांचली तीहि याच कारणानें. ऑगस्ट २०२१ अखेर तिच्यावर ६१,५६२ कोटींचें कर्ज होतें; तरी सरकार मागें असल्यामुळें तिचीं विमानें उडत राहिलीं. टाटांनीं १८,००० कोटींच्या बोलीनें ती घेतली, त्यांतील १५,३०० कोटि कर्जाचे होते. उरलेल्या कर्जाचा मोठा बोजा करदात्यांच्या खात्यावर राहिला. २७ जानेवारी २०२२ रोजीं ती जुन्या घरीं परतली.

अहिल्यानगर जिल्ह्याचा या व्यापाराशीं संबंध आतां आला आहे. शिरडीचा विमानतळ काकडी येथें १ ऑक्टोबर २०१७ रोजीं उघडला. साईबाबांच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांचा ओघ १९३२ च्या टपालासारखाच बारमाही आहे, आणि विमानें त्याच ओघावर चालतात. नांदेडास गुरुद्वारा आहे, भाविक आहेत. तेथें एप्रिल २०१७ पासून सरकारी मदतीनें ट्रूजेट नांवाची छोटी कंपनी हैदराबादशीं उड्डाणें करीत होती. २०२२ च्या फेब्रुवारींत ट्रूजेट बंद पडली. नांदेडची धांवपट्टी, इमारत व दिवे होते तसेच राहिले. विमान पुन्हां येण्यास २०२४ साल उजाडावें लागलें, आणि तेंहि दुसऱ्याच कंपनीचें आलें.