प्रतापगड, पण साताऱ्याचा नव्हे

"प्रतापगडाला चाललोय" असं टीममध्ये सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. मग महाबळेश्वरला राहणार का? अरे बाबांनो, अफजलखानवाला नाही, आमचा! जिल्हा गोंदिया, तालुका अर्जुनी मोरगाव. यावर सगळे गप्प. पुण्यातल्या माणसाला गोंदिया ठाऊक असतं ते महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या पाटीवरून. कोल्हापूरहून निघालेली ही गाडी शेवटी जिथे जाऊन थांबते, ते गाव. तिथेही मी आणखी पुढे जाणार होतो.

तर झालं असं की २०२५ ची महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला, बुधवारी आली. दोन सुट्ट्या टाकल्या, शनिवार-रविवार जोडले आणि चुलतभावाच्या मोटारसायकलवर मागे बसलो.

प्रतापगड हे डोंगराच्या पायथ्याचं गाव. वर गोंडांच्या काळातला किल्ला. आता तटबंदीचे अवशेष आणि बाकी झाडी. महादेवाचं देवस्थान आणि उस्मान गनी हारुनी बाबांचा दर्गा दोन्ही इथेच, त्यामुळे जत्रेत बेलपत्राच्या टोपल्या आणि फुलांच्या चादरी शेजारी शेजारी विकायला. गर्दी, धूळ, उसाचा रस. किल्ल्यावर अर्धा तास घाम गाळला, फोटो काढले. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. आपले विकेंडचे ट्रेक असेच तर असतात.

खाली उतरल्यावर भाऊ म्हणाला, "चल, तुला तिबेट दाखवतो."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण गोठणगावच्या बाजूला थोडं गेलो आणि धानाच्या बांध्यांपलीकडे पाच रंगांच्या पताका दिसायला लागल्या. ही नोर्ग्येलिंग वसाहत, स्थापना १९७२. महाराष्ट्रातली तिबेटी शरणार्थींची वसाहत ही. पत्ता : पोस्ट प्रतापगड. गंमत म्हणजे तिच्या नावात अजून 'भंडारा' लावतात, कारण गोंदिया जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ ला. माझ्या जन्मदाखल्यावरही भंडाराच आहे. म्हणजे एका अर्थी आम्ही एकाच जिल्ह्याचे, जो आता आम्हा दोघांकडेही फक्त कागदावर उरलाय.

एका घरापुढे चहासाठी थांबलो. पंचेचाळिशीच्या मावशी बाहेर आल्या.

"कुठून आले जी?"

हा 'जी' ऐकून मी उडालोच. अस्सल झाडीपट्टीचा.

"पुण्याहून. म्हणजे मूळचा साकोलीकडचा."

"मंग पुण्याचे काहून सांगता?"

उत्तर नव्हतं. दोन दिवसांनी, शुक्रवारी, त्यांचा लोसार म्हणजे तिबेटी नववर्ष होतं. दोघांचीही पंचांगं चंद्रावर चालतात, त्यामुळे बऱ्याच वर्षी लोसार महाशिवरात्रीला लागूनच येतो. घरात तळण चालू होतं. खाप्से समोर आले. शंकरपाळ्याचा मोठा, पीळ दिलेला भाऊ समजा. बोलता बोलता कळलं की मावशी हिवाळाभर नागपूरला स्वेटर विकायला बसतात. आणि मला एकदम लाज वाटली. नागपूरला असताना आई दर दिवाळीनंतर म्हणायची, चल, नेपाळ्यांकडून स्वेटर घेऊ. सगळं शहर तसंच म्हणायचं. ज्यांना आम्ही 'नेपाळी' म्हणून घासाघीस करत होतो, त्यांच्यातल्या काहींचं घर आमच्या गावापासून मोटारसायकलच्या अंतरावर होतं. एकदाही विचारलं नाही, तुम्ही कुठच्या?

कुठच्या, याचं उत्तर लांबचं आहे. हिमालयातली आपली उत्तरेची सीमा पूर्वी भारत आणि तिबेट यांच्यातली होती. १९१४ च्या सिमला परिषदेत मॅकमोहन रेषा आखली गेली ती ब्रिटिश आणि तिबेटी प्रतिनिधींमध्ये. १९५४ च्या करारात भारताने तिबेट हा चीनचा प्रदेश असल्याचं मान्य केलं. मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, १७ तारखेच्या रात्री दलाई लामा निघाले आणि ३१ मार्चला तवांगच्या बाजूने भारतात आले. मागोमाग सुमारे ऐंशी हजार लोक. पहिली काही वर्षं कित्येकांनी हिमाचल, सिक्कीमकडे रस्त्यांसाठी दगड फोडले. मग वसाहती झाल्या : १९६० मध्ये कर्नाटकात बैलकुप्पे, पुढे सरगुजात मैनपाट, आणि १९७२ मध्ये ही. बर्फातली माणसं, जिथे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तिथे धानाचा रोवणा शिकली.

इथे मला कोहळी आठवतात. जवळच नवेगाव बांधचा विशाल तलाव त्यांच्या कोलू पाटलाने बांधला असं सांगतात. गोंड राजाने कोहळ्यांना बनारसकडून आणलं अशी आख्यायिका. म्हणजे तेही बाहेरचेच. पण त्यांच्याकडे कागद मागायला तेव्हा कुणी ऑफिस उघडलेलं नव्हतं.

इथे मात्र कागद आहेत. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, त्यामुळे कायद्याने हे 'परदेशी'. हातात नोंदणीचं प्रमाणपत्र, त्याचं ठरावीक मुदतीने नूतनीकरण. नागरिकत्व कायदा वाचला तर वेगळंच दिसतं : २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ दरम्यान भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच भारतीय. तिबेटींनाही हे लागू होतं, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये १९८६ साली जन्मलेल्या एका तिबेटी तरुणीच्या खटल्यात मान्य केलं. मावशी इथेच जन्मल्या, त्याही या चौकटीत बसतात. पण २०१७ मध्ये पासपोर्टसोबत अटी आल्या : नोंदणी प्रमाणपत्र परत करा आणि वसाहतीत राहू नका. आम्ही कोडमध्ये असली अट पाहिली तर बग म्हणून परत पाठवू. भारतीय हो, पण मग भारतातलं तुझं घर सोड!

"मग घेतला का पासपोर्ट?" मी विचारलं. विचारायला नको होतं बहुतेक.

"पोरगा म्हणते घेऊ. बेंगळुरूला आहे तो, कंप्युटरमध्ये, तुमच्यासारखाच." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे म्हातारे वडील जपमाळ ओढत बसले होते. ते डोंगर ओलांडून आलेले. "बाबा म्हणते, आपण परत जाऊ तेव्हा काय दाखवू?"

म्हाताऱ्यांनी तिबेटीत काहीतरी विचारलं. मावशी हसल्या. "विचारते, हा पोरगा कुठचा? मी सांगितलं, आपल्याच जिल्ह्याचा."

निघताना पिशवीभर खाप्से मिळाले. पैसे घेईनात. म्हणाल्या, डिसेंबरात नागपूरला या, आईला घेऊन या, तेव्हा घेईन, आणि तेव्हा भाव कमी करायचं नाव काढायचं नाही.