एसडी चित्रणाचे एचडी रूपांतर

एसडी चित्रणाचे एचडी रूपांतर म्हणजे मानक स्पष्टतेच्या चित्रणातील प्रत्येक चौकट उच्च स्पष्टतेच्या मोठ्या आकारात पुन्हा घडवण्याची प्रक्रिया होय. या प्रक्रियेसाठी 'अपस्केलिंग' ही संज्ञाही रूढ आहे. रूपांतरामुळे चित्रबिंदूंची संख्या वाढते. परंतु मूळ चित्रणात नोंदवला न गेलेला तपशील त्यातून परत मिळत नाही. फिल्मवरील चित्रणाचे नव्याने स्कॅनिंग करणे ही याहून वेगळी प्रक्रिया आहे.

पार्श्वभूमी

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले व त्यासाठी पाल ही प्रणाली स्वीकारण्यात आली. अल्फा टीव्ही मराठी (१९९९) आणि ई टीव्ही मराठी (२०००) या खासगी वाहिन्याही मानक स्पष्टतेतच सुरू झाल्या. दूरदर्शनने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे प्रक्षेपण एचडी स्वरूपात केले, तर मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ मध्ये आल्या. त्यामुळे मराठी दूरचित्रवाणीच्या पहिल्या चार दशकांतील बहुतांश साहित्य मानक स्पष्टतेत आहे.

टाळेबंदीच्या काळात, २८ मार्च २०२० पासून, 'रामायण' (१९८७-८८) व 'महाभारत' (१९८८-९०) या मालिका पुन्हा प्रक्षेपित झाल्या. तेव्हा मानक स्पष्टतेच्या काळातील कार्यक्रम रुंद पडद्याच्या संचांवर मोठ्या प्रमाणावर पाहिले गेले.

आकारमानातील फरक

पाल प्रणालीत एका चौकटीत ६२५ रेषा असतात व त्यांपैकी ५७६ रेषांत दृश्य असते. अंकीय स्वरूपात ही चौकट ७२० × ५७६, म्हणजे ४,१४,७२० चित्रबिंदूंची होते. पूर्ण एचडी चौकट १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० चित्रबिंदूंची असते. हे प्रमाण बरोबर पाचपट आहे. रूपांतरित चौकटीतील बहुसंख्य चित्रबिंदू त्यामुळे मोजलेले नसून अनुमानित असतात.

घरगुती व्हीएचएस फितींची स्थिती याहून कमकुवत असते. त्यांची आडवी स्पष्टता सुमारे २४० रेषांइतकीच असल्याने ७२० × ५७६ आकारात अंकीकरण केले तरी प्रत्यक्ष तपशील कमीच राहतो.

प्रक्रियेचे टप्पे

डीइंटरलेसिंग: पाल चित्रणात प्रतिसेकंद २५ चौकटी असतात. प्रत्येक चौकट दोन अर्धचौकटींची बनलेली असते. एकीत विषम रेषा, तर दुसरीत सम रेषा असतात. कॅमेऱ्याने टिपलेल्या या अर्धचौकटींमध्ये १/५० सेकंदाचे अंतर असते. त्या थेट एकत्र केल्यास हलत्या वस्तूंच्या कडांना कंगव्याच्या दात्यांसारख्या रेषा दिसतात. आकार आधी वाढवल्यास हा दोष चित्रात कायमचा मुरतो. म्हणून डीइंटरलेसिंग नेहमी आकारवाढीपूर्वी केले जाते. दर सेकंदाला ५० पूर्ण चौकटी तयार केल्यास हालचालीचा मूळ ओघ टिकतो.

आकारवाढ: नव्या चित्रबिंदूचे मूल्य शेजारच्या चित्रबिंदूंवरून काढण्यास आंतरप्रक्षेपण म्हणतात. निकटतम बिंदू पद्धतीत कडा पायऱ्यांसारख्या दिसतात, द्विरेषीय पद्धतीत चित्र मऊ होते, तर द्विघन व लँझोस पद्धतींत कडा अधिक नेटक्या राहतात. कडा अतिरिक्त ठळक केल्यास वस्तूंभोवती पांढुरकी किनार उमटते.

गुणोत्तर: जुन्या चित्रणाचे रुंदी-उंची गुणोत्तर सहसा ४:३, तर एचडीचे १६:९ असते. मूळ गुणोत्तर राखल्यास चित्र १४४० × १०८० आकाराचे होते व दोन्ही बाजूंना प्रत्येकी २४० चित्रबिंदूंचे काळे पट्टे राहतात. पडदा भरण्यासाठी चित्र ताणल्यास चेहरे रुंद दिसतात. वरून-खालून कापल्यास एक चतुर्थांश दृश्य गमावते.

रंग: एसडीसाठी बीटी.६०१ आणि एचडीसाठी बीटी.७०९ ही रंगमानके आहेत. त्यांतील बदल न केल्यास त्वचेच्या व हिरव्या रंगाच्या छटा किंचित बदलतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित पद्धती

२०१४ मध्ये मांडलेल्या एसआरसीएनएन या प्रारूपापासून आकारवाढीसाठी सखोल चेताजालांचा वापर वाढला. अशा प्रारूपाला लहान व मोठ्या आकारातील चित्रांच्या असंख्य जोड्या दाखवून प्रशिक्षित केले जाते. त्यानंतर ते नव्या चित्रात संभाव्य तपशील भरते. हा तपशील पटण्याजोगा असला तरी खरा असेलच असे नाही.

समजा, एखाद्या जुन्या व्हीएचएस फितीत मागे शहाड रेल्वे स्थानकाची पाटी अस्पष्ट दिसते. 'ड' आणि 'द' यांतील फरक काही थोड्या चित्रबिंदूंचाच असेल व तो नोंदवलाच गेला नसेल, तर प्रारूप दोहोंपैकी कोणतेही अक्षर सुबकपणे रेखाटू शकते. दूरवरच्या चेहऱ्यांबाबतही हेच घडते. नाक-डोळे रेखीव होतात, पण ते त्या व्यक्तीचे राहत नाहीत. म्हणून अशी रूपांतरित प्रत ऐतिहासिक किंवा न्यायालयीन पुरावा म्हणून वापरताना मूळ चित्रणाशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

फिल्मचे पुनर्स्कॅनिंग

३५ मिमी फिल्मवर मानक स्पष्टतेहून कितीतरी अधिक तपशील असतो. म्हणून चित्रपटाची निगेटिव्ह उपलब्ध असल्यास जुन्या एसडी प्रतीचे रूपांतर न करता निगेटिव्हच स्कॅन केली जाते. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४) जतन केलेल्या निगेटिव्हच्या आधारे मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने श्याम बेनेगल दिग्दर्शित 'मंथन' (१९७६) पुनर्संचयित केला; तो २०२४ च्या कान महोत्सवात दाखवण्यात आला. थेट चित्रफितीवर मुद्रित झालेल्या कार्यक्रमांना हा मार्ग उपलब्ध नसतो.

जतनाच्या दृष्टीने महत्त्व

चुंबकीय फिती काळानुसार खराब होतात व त्या वाजवणारी यंत्रेही दुर्मिळ होत आहेत. व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन करणाऱ्या जपानी फुनाई कंपनीने २०१६ मध्ये ते थांबवले. त्यामुळे फितीचे वेळेत व चांगल्या प्रतीचे अंकीकरण ही प्राथमिक गरज असून एचडी रूपांतर नंतर केव्हाही करता येते. अंकीकरण करताना मूळ रेषासंख्या व अर्धचौकटी तशाच ठेवलेली प्रत जपल्यास भविष्यातील अधिक चांगल्या पद्धतींचा लाभ घेता येतो. केवळ रूपांतरित प्रत ठेवून मूळ फीत टाकून दिल्यास त्या काळातील पद्धतीचे दोष कायम राहतात.

हे सुद्धा पहा

• दूरदर्शन
• राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय
• चित्रबिंदू
• पाल